मायग्रेनची गोळी: कधी घ्यायची, महिन्यात किती दिवस घ्यायची आणि कुणी अजिबात घ्यायची नाही?

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'सकाळपासून अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही.' दोन मिनिटांत मावशीचं उत्तर येतं. गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो आणि खाली, 'ही घे, मला हिनेच बरं वाटतं.' मावशीचा हेतू चांगलाच असतो. पण ती गोळी तिला तिच्या डॉक्टरांनी तिचं वय, बीपी आणि चालू असलेली औषधं बघून दिलेली असते. त्याच ग्रुपमधल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या काकांसाठी ती धोक्याची ठरू शकते.

मायग्रेनवर चांगली औषधं आहेत आणि ती परिणामकारकही आहेत. पण ती कुणी, कधी आणि महिन्यात किती वेळा घ्यायची याचे ठरलेले नियम आहेत. यातले बरेचसे नियम दुकानातून गोळी घेताना कुणी सांगत नाही.

आधी हे मायग्रेनच आहे का?

मराठीत ज्याला अर्धशिशी म्हणतात, तेच साधारणपणे मायग्रेन. जगभरात सुमारे १०० कोटी लोकांना हा त्रास आहे आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दोन ते तीन पट जास्त दिसतो. औषध घेतलं नाही तर एक अटॅक ४ ते ७२ तास टिकतो. डोकं ठणकतं, बहुतेकदा एका बाजूने. जिना चढला तरी दुखणं वाढतं. मळमळतं, उलटी होते, उजेड आणि आवाज नको होतो. काहींना दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला 'ऑरा' म्हणतात आणि तो साधारण ५ मिनिटं ते तासभर राहतो.

दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं डोकं दुखणं हा बहुधा वेगळा प्रकार असतो. त्याच्यावर मायग्रेनची खास गोळी घेऊन उपयोग नाही. म्हणून निदान एकदा तरी डॉक्टरांकडून व्हायला हवं. त्यासाठी दर वेळी एमआरआय लागतोच असं नाही. बहुतेकदा नीट विचारपूस आणि तपासणी पुरेशी असते.

'बघू, थांबलं तर थांबलं' म्हणून वाट पाहू नये

गोळ्या वाईट असं मानून बरेच जण दुखणं असह्य होईपर्यंत अंगावर काढतात आणि मग एकदम दोन गोळ्या घेतात. मायग्रेनमध्ये हा क्रम उलटा पडतो. अटॅक सुरू झाला की पोटाचं काम मंदावतं. गोळी पोटात पडून राहते आणि रक्तात उशिरा पोहोचते. उलटी झाली तर तीही बाहेर. म्हणून डॉक्टर सांगतात, दुखणं सौम्य असतानाच पूर्ण डोस घ्या. अर्धी गोळी आत्ता, अर्धी नंतर असं केलं की बहुतेकदा दोन्ही वाया जातात.

ज्यांना ऑरा येतो त्यांच्यासाठी एक बारकावा आहे. ट्रिप्टन गटातली गोळी रेषा दिसू लागल्यावर नाही, तर प्रत्यक्ष डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची असते. आणि ज्यांना सुरुवातीलाच उलट्या होतात त्यांनी डॉक्टरांना नाकातला स्प्रे किंवा इंजेक्शनबद्दल विचारावं. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या पाण्याशिवाय घेता येतात, एवढाच त्यांचा फायदा. त्यांतल्या बऱ्याचशा पोटातूनच शोषल्या जातात, त्यामुळे त्या लगेच काम करतात हा गैरसमज आहे.

ट्रिप्टन: खास मायग्रेनसाठी बनलेलं औषध

साधा किंवा मध्यम अटॅक असेल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामकांपासून सुरुवात होते. पॅरासिटामॉलही चालतं, पण मायग्रेनवर ते जरा कमी पडतं. वेदनाशामकं उपाशीपोटी सतत घेतली तर पोटात अल्सर होऊ शकतो. किडनीचा आजार किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असलेल्यांना ती चालत नाहीत.

त्यांनी भागलं नाही तर ट्रिप्टन. या गटातलं पहिलं औषध सुमाट्रिप्टन. अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. भारतात सुमाट्रिप्टन आणि रिझाट्रिप्टन ही नावं प्रिस्क्रिप्शनवर जास्त दिसतात. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या ठराविक रिसेप्टरवर ही औषधं काम करतात. डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वेदनेचा निरोप पोहोचवणारं सीजीआरपी नावाचं रसायन कमी सुटतं. (या रसायनाचा मायग्रेनशी संबंध उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये 'ब्रेन प्राइझ' मिळालं.)

फायदा जिथे आहे तिथेच धोकाही आहे. ट्रिप्टन फक्त डोक्यातल्या रक्तवाहिन्यांपुरतं थांबत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्याही थोड्या आकुंचन पावतात. निरोगी माणसाला त्याने सहसा काही होत नाही. पण ज्यांना हार्ट अटॅक किंवा अँजायना होऊन गेलाय, स्ट्रोक झालाय, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे किंवा बीपी ताब्यात नाही, त्यांनी ट्रिप्टन घ्यायचंच नाही. डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि वय अशा गोष्टी एकत्र आल्या असतील तर डॉक्टर आधी हृदय तपासायला सांगू शकतात. मावशीची गोळी काकांना न चालण्याचं कारण हेच.

सुमाट्रिप्टनच्या गोळ्या २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या असतात आणि मोठ्या माणसासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. आराम पडून दुखणं परत आलं तर किमान २ तासांनी दुसरी गोळी घेता येते, तीही डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर. पहिल्या गोळीने जराही फरक पडला नसेल तर त्याच अटॅकमध्ये दुसरी घेऊन फारसं काही हाती लागत नाही. मात्र एकदा उपयोग झाला नाही म्हणून औषध कायमचं बाद करायची घाई नको. दोन-तीन अटॅकमध्ये नीट वेळेवर घेऊन बघावं लागतं. एक ट्रिप्टन लागू पडलं नाही तरी दुसरं पडू शकतं.

गोळीनंतर मान किंवा छाती आवळल्यासारखी वाटणं, मुंग्या, अंग जड होणं हे काहींना होतं आणि बहुतेकदा थोड्या वेळात जातं. पण छातीत दुखायला लागलं, ते हातात किंवा जबड्यात गेलं, धाप लागली, तर गोळीचा परिणाम असेल म्हणून घरी बसून राहायचं नाही. लगेच हॉस्पिटल.

जुनी, स्वस्त गोळी आणि बाजरीचा अरगट

भारतात आजही मायग्रेनसाठी एक जुनं मिश्रण सर्रास मिळतं. त्यात अर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं औषध एकाच गोळीत असतं. अर्गोटामिन हे अर्गट नावाच्या बुरशीपासून मिळालेलं औषध. स्वित्झर्लंडमध्ये १९१८ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना 'अरगट' हे नाव नवीन नाही. बाजरीच्या कणसावर येणारा तो रोग त्याच कुळातल्या बुरशीचा. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या अरगटाच्या गाठी काढून टाकायला कृषी विभाग सांगतो, कारण त्या विषारी असतात. औषधातला अर्गोटामिन राय या धान्यावरच्या बुरशीतून आला. युरोपात मध्ययुगात ही बुरशी पिठात मिसळून लोकांचे हातपाय काळे पडायचे, झडायचे.

डोस जास्त झाला तर औषधातला अर्गोटामिनही तेच करतो, रक्तवाहिन्या घट्ट आवळतो. इथे एक जोडी लक्षात ठेवावी अशी आहे. घशाच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनसाठी दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, बुरशीवरची इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल आणि एचआयव्हीवरच्या उपचारातलं रिटोनाव्हिर ही औषधं अर्गोटामिनचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. त्यामुळे हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्याची वेळ येऊ शकते. ही औषधं आणि अर्गोटामिन एकत्र घ्यायचं नाही. ट्रिप्टन आणि अर्गोटामिन यांच्यातही २४ तासांचं अंतर हवं. गरोदरपणात तर अर्गोटामिन पूर्ण वर्ज्य.

मिश्रण गोळ्यांचा आणखी एक घोळ म्हणजे त्यात काय काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. डोक्यासाठी मिश्रण गोळी, अंगदुखीला दुसरी, सर्दीला तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल लिव्हरसाठी घातक ठरू शकतं. तिन्ही स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायला एक मिनिट लागतं.

गोळीमुळेच डोकं दुखू लागतं तेव्हा

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. सुरुवातीला महिन्यातून तीनदा गोळी लागते. मग ऑफिसात प्रेझेंटेशन आहे, लग्नाला जायचंय, म्हणून 'उगाच रिस्क नको' असं करत आठदा, बारादा. वर्षभरात माणूस जवळजवळ रोज सकाळी डोकेदुखी घेऊनच उठतो आणि गोळी घेतली की दोन-चार तास बरं वाटतं. मायग्रेन वाढलंय असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात औषधाच्या अतिवापरामुळे होणारी ही स्वतंत्र डोकेदुखी असते.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची मोजदाद ठरलेली आहे. ट्रिप्टन, अर्गोटामिन, मिश्रण वेदनाशामकं किंवा ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड औषधं महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, अथवा साधी वेदनाशामकं १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं आणि महिन्यातले निदान १५ दिवस डोकं दुखत असलं, तर हा प्रकार. मोजायचे ते दिवस, गोळ्या नाहीत. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. बरेच डॉक्टर म्हणूनच आठवड्यात दोन दिवसांची मर्यादा घालून देतात.

यावरचा उपाय म्हणजे ते औषध थांबवणं. पहिले काही दिवस, कधी आठवडाभराहून जास्त, दुखणं आणखी वाढतं. ते सोसताना बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. ओपिऑइड औषधं एकदम बंद करायची नसतात, हळूहळू कमी करावी लागतात. त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना सोबत घेऊन करणंच शहाणपणाचं.

महिन्यातले चार किंवा जास्त दिवस मायग्रेनमध्ये जात असतील तर प्रश्न वेगळा विचारायला हवा. अटॅक आल्यावर काय घेऊ, यापेक्षा अटॅक कमी कसे येतील? त्यासाठी रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची. ती अटॅकच्या वेळी घेऊन उपयोग नाही आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

इथेही एक जोडी आहे. प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टनचं रक्तातलं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. म्हणून अशा रुग्णांना रिझाट्रिप्टनची १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. दोन औषधं दोन वेगळ्या डॉक्टरांकडून आली असतील तर हे सुटून जाण्याची शक्यता असते. शिवाय दमा असलेल्यांना प्रोप्रानोलॉल देत नाहीत.

बायकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या गोष्टी

ऑरासह मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. त्याने स्ट्रोकचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना डोकेदुखीबद्दल आणि न्यूरोलॉजिस्टना गर्भनिरोधक गोळीबद्दल सांगायचं बहुतेकींना सुचत नाही, कारण दोन्हींचा संबंध असेल असं वाटतच नाही. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही आधीच सांगावं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकतात. गरोदरपणात पहिला पर्याय पॅरासिटामॉल. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाहीत.

गोळी बाजूला ठेवून हॉस्पिटल कधी गाठायचं?

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात शिखराला पोहोचली. तापासोबत मान ताठ झाली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला. डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं. यातलं काहीही असेल तर ते मायग्रेन समजून अंधाऱ्या खोलीत झोपून राहू नये. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की अ‍ॅम्ब्युलन्स मिळते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा गरोदरपणात नव्याने आलेली डोकेदुखीही लवकर दाखवावी.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

मोबाइलमधल्या कॅलेंडरवर दोन खुणा पुरतात. डोकं दुखलं तो दिवस आणि गोळी घेतली तो दिवस. महिनाभराच्या या नोंदीवरून डॉक्टरांना रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कळतं. सोबत घरातल्या सगळ्या चालू औषधांच्या स्ट्रिपचे फोटो, बीपी, डायबेटिस, मानसिक आरोग्य आणि आयुर्वेदिक औषधांसकट. डिप्रेशनच्या गोळ्या आणि ट्रिप्टन एकत्र असतील तर सेरोटोनिन वाढण्याचा धोका थोडा असतो. म्हणून कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना ते सांगायचं.

ट्रिप्टनच्या स्ट्रिपवर 'आरएक्स' छापलेलं असतं. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही, असा कायदा आहे. काउंटरवर कुणी चिठ्ठी मागितली नाही म्हणून ते औषध साधं ठरत नाही. एखाद्या गोळीनंतर विचित्र त्रास झाला, जसं की मळमळीच्या औषधाने मान किंवा जबडा आखडून वाकडा झाला, तर डॉक्टरांना दाखवायचं. मग रुग्ण स्वतःही भारताच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवू शकतो. फोन करताना स्ट्रिप जवळ ठेवावी. औषधाचं नाव आणि बॅच नंबर त्याच्यावरच असतो.