बाली प्रक्रिया

बाली प्रक्रिया हा आशिया-प्रशांत क्षेत्रातील अनियमित स्थलांतराविषयी विचारविनिमय करणारा आंतरराष्ट्रीय मंच आहे. माणसांची चोरटी वाहतूक, मानवी व्यापार व तत्संबंधी गुन्हे हे त्याचे मुख्य विषय होत. फेब्रुवारी २००२ मध्ये इंडोनेशियातील बाली बेटावर भरलेल्या मंत्रिस्तरीय परिषदेत त्याचा आरंभ झाला. इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया हे संयुक्त अध्यक्ष आहेत. ४५ देश व प्रदेश सदस्य असून त्यांत भारत, बांगलादेश आणि म्यानमार यांचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने इंडोनेशियाहून निघालेल्या एका नादुरुस्त बोटीवरील ४३३ आश्रयार्थींना वाचविले. त्यांतील बहुसंख्य अफगाण होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना ख्रिसमस बेटावर उतरू दिले नाही. ऑक्टोबरमध्ये त्याच मार्गावरील दुसरी बोट बुडून ३५३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १४६ मुले होती. माणसे ज्या देशातून निघतात, ज्यातून जातात आणि जेथे पोहोचू पाहतात, त्या सर्वांनी एकत्र बसल्याखेरीज हा प्रश्न हाताळता येणार नाही, हा विचार या मंचामागे होता.

स्वरूप

नावातील ‘प्रक्रिया’ हा शब्द शब्दशः घ्यावा. ही संघटना नव्हे आणि करारही नव्हे; येथील निर्णय कोणत्याही सदस्यावर बंधनकारक नसतात. इंडोनेशिया, मलेशिया व थायलंड यांनी १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. असे देशही चर्चेस येतात, ते बंधन नसल्यामुळेच. मंचाचे बळ ते हेच, आणि उणीवही हीच. २०१२ पासून बँकॉक येथे साहाय्य कार्यालय कार्यरत असून अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण व माहितीची देवाणघेवाण ही त्याची कामे होत.

अंदमान समुद्रातील संकट

मे २०१५ मध्ये मंचाची खरी कसोटी लागली. थायलंडच्या दक्षिण सीमेवरील जंगलात तस्करांच्या छावण्या व सामूहिक दफनस्थळे सापडली. सरकारने कारवाई सुरू करताच तस्करांनी रोहिंग्या व बांगलादेशी प्रवाशांनी भरलेल्या बोटी भर समुद्रात सोडून दिल्या. थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया यांच्या नौदलांनी काही बोटींना अन्न-पाणी देऊन पुन्हा खोल समुद्राकडे लावले. तेरा वर्षे चर्चा करणाऱ्या या मंचाकडे अशा प्रसंगी तातडीने बैठक बोलावण्याची सोयच नव्हती. शेकडो लोकांना किनाऱ्यावर आणले ते सुमात्रातील आचे प्रांताच्या कोळ्यांनी. २० मे रोजी मलेशिया व इंडोनेशिया यांनी सुमारे ७,००० जणांना वर्षभर तात्पुरता आसरा देण्याचे मान्य केले, मात्र हा निर्णय मंचाबाहेर झाला. ऑस्ट्रेलियाने या लोकांना वसवून घेण्यास नकार दिला.

मार्च २०१६ मध्ये बाली येथील सहाव्या मंत्रिस्तरीय परिषदेने ही त्रुटी मान्य करून घोषणापत्र स्वीकारले आणि आणीबाणीत संयुक्त अध्यक्षांना सदस्यांशी तातडीने सल्लामसलत करता येईल अशी व्यवस्था केली. बोट कोणी उतरवून घ्यायची, हे मात्र त्या व्यवस्थेत ठरलेले नाही. जून २०२० मध्ये रोहिंग्यांची एक बोट आचेजवळ आली, तेव्हाही तिच्यातील माणसांना किनाऱ्यावर आणण्यास स्थानिक कोळी व गावकरीच पुढे झाले.