शेजारच्याची घरपट्टी कमी का?

नगरपालिकेची चतुर्थ वार्षिक आकारणीची नोटीस आली की आमच्या गावात एकच ओरड. "शेजारच्याचं घर माझ्याहून मोठं, मग त्याची पट्टी कमी कशी?" वीस वर्षं पालिकेच्या बातम्या करतोय, दर चार वर्षांनी हे ऐकतो. उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं, मुंबईपर्यंत.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात कर घराच्या किमतीवर नव्हताच. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील ते धरायचं, दुरुस्तीचे १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. आपल्या नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यातही मूळ हिशोब हाच. घरात तुम्ही स्वतः राहता? तरी कागदावर तुम्ही स्वतःचेच भाडेकरू!

पद्धत तशी बरी होती. भाडी वाढतील तसा कर वाढेल. घोळ झाला तो दुसऱ्याच कायद्यामुळे. १९४७ साली भाडे नियंत्रण आलं आणि १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं' ठरलं. भाडेकरूंना आधार मिळाला, तो हवाच होता. पण पुढे दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, मालकाला कायद्याने जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त धरून कर लावता येणार नाही. खटला दिल्लीचा, फटका मुंबईलाही. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जागेला सोन्याचा भाव आला, कर मात्र जुन्या भाड्यावरच. आणि उपनगरात नवा फ्लॅट घेणाऱ्याला चालू भाड्याचा हिशोब. जुनं घर स्वस्तात, नवं महागात, हे तिथून आलं.

इकडे नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि हक्काचं उत्पन्न म्हणून घरपट्टीच उरली.

मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भाडं सोडून भांडवली मूल्य धरलं, म्हणजे रेडी रेकनरचा भाव. आता उलटी पंचाईत. भाव वाढला म्हणून पेन्शन वाढत नाही. तो पैसा घर विकल्यावरच हातात येतो, पट्टी मात्र दरवर्षी भरायची. म्हणून वाढीवर मर्यादा घालावी लागली, आणि २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की, प्लॉटवर पुढे कधी किती बांधता येईल ते धरून आज कर लावायचा नाही.

छोट्या गावांत अजून बहुतेक भाडेमूल्यच चालतं. आकारणी यादी पालिकेत बघायला ठेवतात. मंडळी, जाऊन बघा: क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, वापर. गेल्या खेपेला आमच्या घराची माडी दोनदा मोजली होती. मुदतीत लेखी हरकत दिली, सुनावणीला अर्धा दिवस गेला, एक माडी कमी झाली.