पेण-रोह्यात नवे घर घेताना

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकून पेणच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दुतर्फा गृहप्रकल्पांचे फलक दिसू लागतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांमध्ये उभारावयाच्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराचे काम एमएमआरडीएकडे सोपविण्यात आले. या तीन घटनांनी पेणचे नाव गणेशमूर्तींइतकेच घरांसाठीही घेतले जाऊ लागले आहे. त्याची झळ पुढे नागोठणे, कोलाड व रोह्यापर्यंत पोचली आहे. डोंबिवली-ठाण्यातील दोन खोल्या विकून निवृत्तीनंतर मोकळ्या हवेत राहू पाहणारे, तसेच मूळ कोकणातले पण गावच्या घरात वाटा न उरलेले असे अनेकजण या पट्ट्यात घर शोधत आहेत.

फलकावर अंतर मिनिटांत मोजलेले असते. ती मिनिटे वडखळच्या वाहतूक कोंडीत कशी विरघळतात, हे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु अंतराचा हिशेब चुकला तर मनस्ताप होतो. जमिनीचा हिशेब चुकला तर आयुष्यभराची पुंजी अडकते. म्हणून या भागात घर घेणाऱ्याने नमुना सदनिका पाहण्यापूर्वी ती ज्या जमिनीवर उभी राहणार आहे, तिचा पूर्वेतिहास पाहावा.

एका रेषेचा फरक

पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके असले तरी खरेदीदाराच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे प्रदेश आहेत. पेण मुंबई महानगर प्रदेशात मोडते, रोहा मोडत नाही. ही केवळ नकाशावरची रेषा नव्हे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर साधारणपणे ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरावर १ टक्का आहे. परवडणारे घर म्हणजे ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे. मात्र महानगर प्रदेशात त्याचे चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपेक्षा अधिक असता कामा नये, इतरत्र ही मर्यादा ९० चौरस मीटर आहे. साठ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट. पेणमध्ये ४४ लाखांची ६५० चौरस फुटांची सदनिका घेणाऱ्यास २ लाख २० हजार रुपये कर भरावा लागेल. तीच सदनिका ६४० फुटांची असती तर ४४ हजारांत भागले असते. रोह्यात मात्र ६५० फुटांच्या घरालाही १ टक्काच लागू होईल. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर हा कर मुळीच नसतो, हेही लक्षात ठेवावे.

मुद्रांक शुल्काचा दरही मिळकत नगरपरिषद हद्दीत आहे की ग्रामपंचायत हद्दीत यानुसार बदलतो. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास त्यात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, परंतु कमाल ३० हजार रुपये आहे.

रेल्वेचा विचार करता उपनगरी लोकल पनवेललाच थांबते. पुढे दिवा-रोहा मार्गावरील मोजक्या गाड्या आहेत आणि रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. रोज मुंबईत नोकरीला जाणाऱ्याने घर ठरविण्यापूर्वी एक आठवडा हा प्रवास करून पाहावा. पाण्याच्या बाबतीत रोहा अधिक भाग्यवान आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली कुंडलिकेत येते, त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे खरे, पण त्याचे पाणी नवी मुंबईकडे जाते आणि त्याच तालुक्यातील खारेपाटातल्या गावांची पाणीटंचाईची तक्रार कित्येक वर्षांची आहे. तेव्हा 'मुबलक पाणी' या शब्दांवर न विसंबता नळजोडणी कोणत्या योजनेवरून मिळणार, तिला मंजुरी आहे काय, की सारी भिस्त कूपनलिकेवर व टँकरवर आहे, हे लेखी विचारावे. खाडीलगतच्या भागात कूपनलिकेला खारे पाणी लागण्याचा संभव असतो.

रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. पेणकडे डोलवीचा पोलाद प्रकल्प आणि त्याची अवजड वाहतूक आहे. रविवारी दुपारी घर पाहायला आणणाऱ्या गाडीतून यातले काही जाणवत नाही. रात्री दहानंतर एकदा त्या ठिकाणी जाऊन उभे राहावे.

खारेपाटातील भराव

पेणच्या पश्चिमेकडील बराचसा भाग खाडीतून बांध घालून मिळविलेला आहे. पूर्वजांनी खाजणात बांध घातले, भरतीचे पाणी अडवून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बसविल्या आणि त्या जमिनीत भात पिकविले. बांधाला खांड गेली की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुढील काही वर्षे नापीक होते, हे येथील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या ग्राहकाला मात्र तेथे दिसतो तो मुरमाचा सपाट भराव आणि त्यावर आखलेले रस्ते.

भराव घातल्याने जमिनीची मूळ पातळी बदलत नाही, पाणी फक्त शेजारच्या शेताकडे वळते. तेथेही भराव पडला की ते परत येते. खालची चिकण खारट माती मऊ असल्याने इमारतीचा पाया तिच्या खाली घट्ट थरापर्यंत नेणे आवश्यक ठरते. यासाठी मातीपरीक्षणाचा अहवाल व संरचना अभियंत्याचे नाव मागावे. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे पुढील चौकशी न केलेली बरी. खाडी व भरतीचे पाणी पोचणाऱ्या नद्यांच्या काठी सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधने लागू होतात. तेव्हा सर्व्हे क्रमांक त्या नकाशात कोठे पडतो हे तपासावे.

नागोठण्यात अंबा आणि रोह्यात कुंडलिका या नद्या पावसाळ्यात पात्राबाहेर येतात. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जेथे या रेषा आखलेल्या आहेत तेथे इमारत त्यांच्या कोणत्या बाजूस आहे हे मंजूर आराखड्यावरून कळते. जेथे नाहीत, तेथे जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. हा माणूस आपले उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अचूक देतो, असा माझा अनुभव आहे. डोंगरउतार कापून बांधलेल्या बंगल्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेल्यानंतर याच जिल्ह्यात हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

सारांश, या भागात घर पाहायचे ते जुलै महिन्यात, शक्यतो भरतीच्या वेळी आणि पावसाची झड लागलेली असताना.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना

१९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. त्यातून पुढे आलेल्या कूळकायद्याची छाया आजही रायगडातील सातबाऱ्यावर दिसते. कुळाने कायद्याने विकत घेतलेल्या जमिनीवर कलम ४३ ची बंधने असल्याचा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षांनंतर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ही बंधने सैल करता येतात. पण तो नजराणा भरला गेला आहे काय आणि त्याचा फेरफार मंजूर झाला आहे काय, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

याच रकान्यात आणखी काही शेरे आढळू शकतात. पेण, रोहा व सुधागड भागात ठाकूर व कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही आणि तसा व्यवहार पुढे रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. डोंगरालगत दळी जमिनी असतात, १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी असतात. धरणाच्या लाभक्षेत्रात 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा असू शकतो. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ज्या जमिनीसाठी शेतकरी कंपनीशी झगडले, तिचे व्यवहार आता एकेका खातेदारामार्फत होत आहेत. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे असणे येथे नवल नाही. त्यातील एकाही बहिणीची वा मुंबईतील चुलत्याची सही राहिली असेल, तर इमारत उभी राहिल्यानंतर दावा दाखल होतो. वसई तालुक्यातील नवघर ते पेण तालुक्यातील बलवली या प्रस्तावित बहुउद्देशीय मार्गिकेच्या आखणीत जमीन येते काय, हेही विचारून घ्यावे.

हे सर्व एका बैठकीत समजण्यासारखे नाही. तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून घ्यावा, विकासकाच्या वकिलाकडून नव्हे. त्यासाठी होणारा खर्च सदनिकेतील स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा अधिक नसतो.

ग्रामीण भागात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून 'सर्व कागद स्वच्छ आहेत' असे सांगितले जाते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. ती मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगी तर मुळीच नाही. गावठाणाबाहेरील इमारतीसाठी सक्षम नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला आराखडा व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र लागते. नावात साम्य असल्याने महसूल खात्याच्या गाव नमुना ८अ शी त्याची गल्लत करू नये.

महारेराचा क्रमांक

भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिकाही आठांपेक्षा अधिक असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळावर मालकीचा अहवाल, बोजा, मंजूर आराखडे, ताब्याची तारीख व प्रलंबित दावे पाहता येतात आणि ते अवश्य पाहावेत. पेण-रोह्यात सात-आठ सदनिकांच्या इमारती बऱ्याच बांधल्या जातात. त्यांना हे कवच नाही, म्हणून तेथे अधिक काळजी घ्यावी लागते.

क्रमांक आहे म्हणजे सारे निर्वेध, असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे ६५ इमारतींनी महारेराचे क्रमांक मिळविल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून घरे घेतली होती. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत हाती घेऊन ज्या कार्यालयाने ती दिली, त्या पेण वा रोहा-अष्टमी नगरपरिषदेत किंवा संबंधित प्राधिकरणाकडे जावे आणि जावक क्रमांक जुळतो काय हे विचारावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम करारनाम्याच्या नोंदणीपूर्वी घेण्याचा विकासकाला अधिकार नाही. 'आज टोकन दिले तरच हा दर' या वाक्याने अनेकांचे हात सैल होतात. करारात चटईक्षेत्रच लिहिलेले असावे. ताब्याची तारीख महारेराकडील तारखेशी पडताळून पाहावी. ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय किल्ली स्वीकारू नये. 'पालखी येण्याआधी गृहप्रवेश करा, कागद नंतर येतील' हा आग्रह येथे प्रेमाने केला जातो, पण त्यानंतर कागद येतोच असे नाही. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष आढळल्यास तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. तक्रार लेखी करावी आणि पहिल्या पावसाळ्यातील ओलीची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत. या भागातील अनेक सदनिका सुट्टीपुरत्याच उघडल्या जातात. अशा इमारतीत देखभाल खर्चाची थकबाकी वाढते आणि संस्थेच्या सभेला गणपूर्ती होत नाही. कायम राहणारी किती कुटुंबे आहेत, हे विचारून घ्यावे. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे होईपर्यंत सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहते. तेव्हा अभिहस्तांतरणाचा विषय संस्थेच्या पहिल्याच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.