ॲस्बेस्टॉसजन्य आजार : कार्यकारणाची सिद्धता

कामावर श्वासावाटे गेलेल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळेच आजार जडला, हे भरपाईच्या दाव्यात प्रस्थापित करणे. आजार मुख्यतः तीन : ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा. धुळीशी पहिला संबंध आल्यापासून आजार उघड होईपर्यंत बहुधा 20 ते 40 वर्षे जातात. तोवर कामगार निवृत्त होतो, कधी कारखानाही बंद पडतो. फुप्फुसाच्या कर्करोगात मालकपक्ष धूम्रपानाकडे बोट दाखवतो. मेसोथेलिओमाबाबत तो बचाव टिकत नाही.

कायदा : 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हे आजार नोंदले होते. परिशिष्टातील कामाची व मुदतीची अट पूर्ण झाली, की आजार नोकरीतूनच उद्भवला असे तो कायदा गृहीत धरत असे. तसे नाही हे मालकाने दाखवायचे. ॲस्बेस्टोसिस झालेल्याने अनेक मालकांकडे काम केले असल्यास भरपाई आयुक्त तिचा भार त्या मालकांमध्ये वाटून देत असे. नेमक्या कोणत्या मालकाकडील धुळीने आजार जडला, हा पेच इंग्लंडमध्ये मेसोथेलिओमापुरता 2002 च्या फेअरचाइल्ड निकालाने सोडवला. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराचा दावा 1948 च्या कायद्याखाली, वैद्यकीय मंडळापुढे चालत असे.

निदान : भारतात दावा अडतो तो येथे. घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स (पूर्वीची हिंदुस्थान फेरोडो) या कारखान्यातील 181 कायम कामगारांची डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी तपासणी केली. कंत्राटी कामगार या पाहणीत नव्हते. निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. 22 टक्के कामगारांत ॲस्बेस्टोसिस आढळला. त्या सर्वांची धुळीतील नोकरी 20 वर्षांहून अधिक होती. देशात भरपाई मिळालेले कामगार तेव्हा तिसाच्याही आत होते. ॲस्बेस्टोसिसची नोंद ‘जुनाट ब्राँकायटिस’ अशी केली जाते, हे त्याचे एक कारण संशोधकांनी दिले आहे. परिशिष्टात नसलेले हे नाव दाखल्यावर आले, की गृहीतकाचा लाभच जातो. म्हणून नोकरीचा तपशीलवार इतिहास, छातीचा एक्स-रे आणि श्वसनक्षमता चाचणी एकत्र वाचणारा प्रशिक्षित डॉक्टर हा या दाव्यातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होय. कंत्राटी कामगार या पाहणीत नव्हते.

दप्तर : सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपण्याचा आदेश दिला. बाधित ठरणाऱ्या प्रत्येक कामगारास 1 लाख रुपये देण्यासही सांगितले.

शिरूर व दौंड : रांजणगाव व कुरकुंभ औद्योगिक वसाहतींतील कामगारांना हाच कायदा लागू होता. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापणाऱ्या कंत्राटी मजुराचे नाव हजेरीपटावर नसल्यास नोकरी सिद्ध करणेच कठीण.

बंदी : ॲस्बेस्टॉसवर बंदी घालण्याच्या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली.