मूठभर धान्याचा हिशेब
(अपुऱ्या निधीतून विद्यार्थी घडविण्याच्या परंपरेचा एक मागोवा)

दानाचे महत्त्व जैन समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानांचा संस्कार घराघरांत बालपणापासून होत असतो. परंतु दान दिल्यानंतर त्या द्रव्याचा विनियोग कोणत्या कार्यासाठी, कोणत्या क्रमाने आणि किती प्रमाणात करावयाचा, हा प्रश्न दानापेक्षाही अवघड असतो. हाती आलेला निधी अपुरा आणि मागणारे हात अनेक, अशी अवस्था प्रत्येक विश्वस्त मंडळाच्या वाट्याला येतेच. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न असेल तर हा पेच अधिकच तीव्र होतो. कारण मंदिराचे काम एखादे वर्ष लांबले तर पुढील वर्षी पूर्ण करता येते, पण शिक्षण सोडून गेलेला विद्यार्थी पुढील वर्षी परत येईलच याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत द्रव्याच्या विनियोगासंबंधी अतिशय काटेकोर मर्यादा आहे. जिनबिंब, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही दानाची सात क्षेत्रे होत. यांपैकी वरच्या क्षेत्रांचे द्रव्य खालच्या क्षेत्रांकडे वळविता येत नाही. देवद्रव्य देवकार्यासाठीच वापरावयाचे. ज्ञानद्रव्यही व्यावहारिक शाळा-महाविद्यालयांच्या शुल्कासाठी वापरावयाचे नाही. श्रावक-श्राविकांच्या अडीअडचणी, त्यांच्या मुलामुलींचे शिक्षण, हे सारे साधारण खात्यातून व साधर्मिक भक्तीच्या निधीतून भागवावे लागते. अनुभव असा, की वरच्या खात्यांत भर पडते आणि साधारण खाते मात्र सदैव तुटीत असते. म्हणूनच शिक्षणासाठी उपलब्ध असलेला एकेक रुपया विचारपूर्वक खर्च करणे हे आर्थिकच नव्हे, तर धार्मिक कर्तव्यही ठरते.

वसतिगृहांचा कालखंड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला समाजाने दिलेले उत्तर म्हणजे वसतिगृह अर्थात बोर्डिंग. त्या काळी उच्च शिक्षण मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा मोजक्या शहरांत एकवटलेले होते. खेड्यातील हुशार मुलगा शिक्षण सोडी, तो बहुधा बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर शहरात राहण्याची व जेवणाची सोय नाही म्हणून. हे अचूक ओळखून दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग वसतिगृहांकडे वळविला. मुंबईतील हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग हे त्यांच्या दातृत्वाचे स्मारक होय. इ. स. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि शिक्षणप्रसार हे तिचे प्रमुख कार्य ठरले. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९०१ मध्ये जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. महाराजांनी वसतिगृहांना जागा व आर्थिक साहाय्य द्यावे आणि दैनंदिन कारभार त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींनी पाहावा, अशी ती पद्धत होती. पुढे आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय १९१५ मध्ये सुरू झाले. शिक्षणासाठी दिलेली मदत विद्यार्थ्याने कमावता झाल्यावर परत करावी, म्हणजे तोच पैसा पुढील विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल, ही रीतही जैन शिक्षणनिधींत याच काळात रुजली.

या वसतिगृहांनी शेकडो कुटुंबांचे भाग्य पालटले. तथापि त्यांच्यासमोर एक मर्यादा होती: देणारा दाता थांबला की कार्य थांबण्याचे भय. शिवाय बहुतेक वसतिगृहे एकेका समाजापुरती होती. या दोन्ही मर्यादा ओलांडणारा पुरुष एका जैन घरातूनच पुढे आला, ही अभिमानाची आणि तितकीच अंतर्मुख करणारी गोष्ट आहे.

कुंभोजचा सुपुत्र

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अण्णासाहेब लठ्ठे हे त्या वेळी बोर्डिंगाचे अधीक्षक होते. पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले ते हेच लठ्ठे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्या मुलाला एका वसतिगृहाचे दार बंद झाले, त्याने पुढे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची दारे उघडली. या प्रसंगाकडे पाठ न फिरविता पाहिले, तर निधीच्या वाटपातील पहिला प्रश्न समोर येतो: ‘आपला विद्यार्थी’ कोणाला म्हणावयाचे?

सांगली परिसरातील दूधगाव येथे १९१० च्या सुमारास भाऊरावांनी मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांचा आश्रम काढला. पैसा नव्हता. तेव्हा गावातील प्रत्येक घराने रोजच्या दळण-कांडणातून मूठभर धान्य वेगळे काढावे आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यावे, असा मुष्टिफंड त्यांनी उभा केला. ही मूठ फार अर्थपूर्ण होती. एका धनिकाच्या हजार रुपयांवर चालणारे वसतिगृह त्या धनिकाच्या मर्जीवर चालते. शंभर घरांच्या मुठीवर चालणारे वसतिगृह गावाचे होते. दात्यांची संख्या वाढल्याने प्रत्येकाचा भार कमी झाला आणि विद्यार्थ्याविषयीची आस्था मात्र घरोघर पोहोचली.

खर्चाचा क्रम

दिनांक ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथील वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. महार, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सर्व मुले एका पंक्तीत जेवत होती.

या काळातील भाऊरावांच्या खर्चाचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. इमारत शेवटी, विद्यार्थी आधी. मुलाला दोन वेळचे अन्न, डोक्यावर छप्पर आणि शाळेपर्यंत जाण्याची सोय झाली, की उरलेले शिक्षण तो स्वतःच्या हिमतीने मिळवील, हा त्यांचा विश्वास होता. म्हणून शिक्षक, इमारती व साहित्य यांवर अडून न बसता जो खर्च टळला असता तर मूल घरी परतले असते, तो खर्च त्यांनी प्रथम केला. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहे, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती, असा आकडा दिला जातो. महाविद्यालये तीन आणि वसतिगृहे अडतीस! या एका प्रमाणात त्यांचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

या अर्थशास्त्राची किंमत मात्र कोणीतरी मोजीत होते. वसतिगृहात धान्य संपल्यावर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकामागून एक दिले. अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० मध्ये त्या माउलीचे निधन झाले. या त्यागापुढे मस्तक नम्र होते. पण त्यातून निघणारा बोध केवळ गौरवाचा नाही. एका गृहिणीच्या अंगावरील सोन्यावर संस्थेचा महिना निभावणे ही व्यवस्था नव्हे, ते व्यवस्था नसल्याचे लक्षण होय. निधीचे नियोजन जेथे कमी पडते, तेथे तूट बहुधा घरातील सर्वांत अबोल व्यक्ती भरून काढते.

कमवा आणि शिका

ही तूट भरून काढण्यासाठी भाऊरावांनी जो मार्ग दृढ केला तो ‘कमवा आणि शिका’ या नावाने प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी शेती करावी, स्वयंपाक करावा, बांधकामावर राबावे आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात शिक्षण घ्यावे. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभे राहिले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे वचन केवळ घोषवाक्य नव्हते. अंदाजपत्रकातील जमेची ती सर्वांत भक्कम बाजू होती. स्वातंत्र्यानंतर लवकरच सरकारी अनुदान काही काळ थांबले, तेव्हाही संस्था मोडून पडली नाही, याचे एक कारण विद्यार्थ्यांचे श्रम आणि रयतेची मूठ हेच होते. शिवाजी कॉलेजला दात्याचे नाव देण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करण्यात आली असता भाऊरावांनी ती नाकारल्याची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कोणता पैसा घ्यावयाचा नाही, हेही नियोजनच होय.

या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. श्रमांत गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो. ज्याच्या घरी सुबत्ता आहे तो संध्याकाळी वाचीत बसतो आणि गरीब विद्यार्थी त्याच वेळी काम करतो. मग परीक्षेत दोघांना एकाच मापाने मोजले जाते. म्हणून श्रमांचे तास मर्यादित असावेत आणि परीक्षेच्या दिवसांत ते आणखी कमी व्हावेत, हा विवेक या योजनेसोबत असावाच लागतो. स्वावलंबन हे विद्यार्थ्याचा आत्मसन्मान राखण्यासाठी आहे, संस्थेची तूट भागविण्यासाठी त्याला जुंपण्यासाठी नव्हे.

पनवेलपर्यंत आलेली पारंबी

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याची एक पारंबी १९७० मध्ये पनवेलला पोहोचली आणि महात्मा फुले कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय येथे सुरू झाले. योगायोग असा, की नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची स्थापनाही त्याच वर्षी, १७ मार्च १९७० रोजी झाली. एकीकडे भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी नगरे उभी राहण्यास प्रारंभ झाला आणि दुसरीकडे त्या खाचरांतील मुलांना पदवीपर्यंत नेणारे दार गावातच उघडले. पनवेललगतचे करंजाडे हे त्याच परिवर्तनाचे अलीकडचे रूप. भूखंडांच्या वसाहती, उंच इमारती आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्या सान्निध्यात येथील नवी पिढी वाढत आहे.

महाविद्यालय जवळ आले, म्हणून विद्यार्थ्याची अडचण संपली असे मात्र नाही. तिचे स्वरूप बदलले. पूर्वी जेवण आणि निवास यांअभावी शिक्षण सुटे. आता घरभाडे, प्रवास, पुस्तके, परीक्षा शुल्क आणि घराला हातभार लावण्यासाठी पत्करलेली अर्धवेळ नोकरी यांमुळे ते सुटते. शासकीय शिष्यवृत्ती मंजूर होते, पण रक्कम हाती येईपर्यंत पुष्कळदा वर्ष सरत आलेले असते. दरम्यानचे काही महिने हाच खरा कसोटीचा काळ असतो.

सातासमुद्रापलीकडील एक दाखला येथे उपयुक्त ठरेल. ज्या १९०१ साली कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघाले, त्याच साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट येथे सामान्य कुटुंबांतील मुलांसाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. अशा संस्थांना तेथे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्यांचेही दुखणे तेच: प्रवेश घेणारे पुष्कळ, पूर्ण करणारे थोडे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये एक उपक्रम आरंभिला. प्रत्येक विद्यार्थ्याला नियमित भेटणारा मार्गदर्शक, शुल्कातील उरलेल्या तुटीची भरपाई, पुस्तकांसाठी साहाय्य आणि प्रवासाचा पास, एवढीच त्यातील प्रमुख कलमे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण या उपक्रमात शेकडा ४० होते, तर त्याबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत शेकडा २२. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला. पण प्रत्येक पदवीधरामागचा खर्च उलट कमी झाला. अर्धवट सुटलेल्या शिक्षणावरील खर्च हाच सर्वांत महाग, हे सत्य भाऊरावांनी कोणत्याही अभ्यासाशिवाय ओळखले होते.

सुवर्णमहोत्सवी चिंतन

या इतिहासाच्या प्रकाशात समाजातील प्रचलित रीतीकडे पाहणे उचित ठरेल. निकाल लागला की गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि रोख पारितोषिक दिले जाते. हा कौतुकाचा सोहळा हवाच. परंतु नव्वद टक्के मिळविणाऱ्याचे शिक्षण त्या पारितोषिकावाचून थांबणार नसते. दुसऱ्या वर्षी एका विषयात अनुत्तीर्ण झालेला, वडिलांचे दुकान बंद पडल्यामुळे शुल्क थकलेला विद्यार्थी मात्र व्यासपीठाच्या जवळपासही नसतो. त्याला वेळेवर मिळालेली बिनव्याजी रक्कम, वर्षभराचा प्रवासाचा पास आणि महिन्यातून एकदा चौकशी करणारा एखादा ज्येष्ठ श्रावक यांतून त्याचे सारे आयुष्य सावरू शकते. शिवाय शिष्यवृत्ती हाती आल्यावर तीच रक्कम परतून पुढच्या विद्यार्थ्याकडे जाऊ शकते.

तेव्हा शिक्षणनिधीतील प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न लिहावा: हा खर्च केला नाही तर कोणी शिक्षण सोडणार आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, ते कलम पहिले. उत्तर नकारार्थी असेल, ते कलम शोभेचे, ते शेवटी.

पन्नास वर्षांची वाटचाल ही कोणत्याही न्यासाच्या दृष्टीने कृतार्थतेची घटना असते. या वाटचालीत उभी राहिलेली वास्तू डोळ्यांना दिसते. सावरलेला विद्यार्थी दिसत नाही, तो आपल्या संसारात आणि व्यवसायात विरून जातो. दूधगावच्या ज्या घरांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढले, त्यांची नावे कोणत्याही संगमरवरी फलकावर कोरलेली नाहीत. त्या धान्यावर शिकलेली मुले मात्र पुढे शिक्षक झाली, आणि त्यांनी आणखी मुलांना शिकविले. साधारण खात्याची खरी शिल्लक ती हीच.