'कुली' : एका लहान शब्दाचा इतिहास

आम्ही कोशकार नव्हे. कामगार-चळवळीत आमचे आयुष्य गेले आणि शब्दांशी संबंध आला तो हजेरीपटावर. म्हणूनच 'कुली' या दोन अक्षरी शब्दाचा मागोवा घ्यावासा वाटला.

तमिळ आणि कन्नड भाषांत 'कूली' म्हणजे मजुरी, कामाचा मोबदला. कित्येक पंडित या शब्दाचे मूळ तेथे शोधतात. दुसरे काही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळी जमातीच्या नावाकडे बोट दाखवतात. तुर्की भाषेत 'कुल' म्हणजे दास. त्याचाही संबंध कोणी जोडतात. चिनी लिपीत हा शब्द लिहिताना जी दोन चिन्हे घेतात, त्यांतील पहिल्याचा अर्थ 'कडू' आणि दुसऱ्याचा 'बळ'. एका ठिकाणी दाम, दुसऱ्या ठिकाणी जात, तिसऱ्या ठिकाणी गुलाम, चौथ्या ठिकाणी कडू कष्ट! वाद पंडितांनी मिटवावा. आमचे लक्ष आहे ते इतिहासाने या शब्दाचे काय केले, याकडे.

१८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. गुलाम सुटले, पण उसाचे मळे राहिले. मळेवाल्यांना हात हवे होते. १८३४ सालापासून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात हिंदी मजूर उतरू लागले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही त्यांत होती. ती करारावर अंगठा उठवून गेली. इंग्रजी 'अॅग्रीमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. सरकारी कागदांत मात्र ती सारी 'कुली'. उतरण्याचा धक्कासुद्धा 'कुली घाट'! जो शब्द दामाचा होता, तो माणसाचे नाव झाला. आणि दाम तेवढा त्यातून गळाला.

पुढे तो शिवी झाला. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा ते 'कुली बॅरिस्टर' ठरले. म्हणजे विद्या, पोशाख, सनद काहीही असो, हिंदी माणूस तो कुलीच. ही गिरमिटाची भरती १९१७ साली थांबली. शिवी मात्र थांबली नाही. मॉरिशसच्या लोकांनी त्या धक्क्याला 'आप्रवासी घाट' असे नाव दिले आणि २००६ साली तो जागतिक वारसा ठरला.

आपल्याकडे २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात कुलीला 'सहायक' म्हणावे असे जाहीर झाले. नाव गोड आहे, आमची हरकत नाही. परंतु बिल्ला लावून फलाटावर ओझे वाहणाऱ्या त्या माणसाला पगार नसतो. उतारू देईल तीच त्याची कमाई. शिवी पुसणे चांगलेच, पण तेवढ्याने चूल पेटत नाही. 'कूली' म्हणजे मजुरी, हा तमिळ-कन्नड अर्थ आम्हाला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यात दया नाही, बक्षिशी नाही. केलेल्या कामाचे येणे आहे. ते येणे चुकते झाले, की माणसाला कोणत्या नावाने हाक मारावी हा प्रश्न फारसा अवघड राहणार नाही.