पेटीतल्या सात फ्लॉप्या

कॉम्प्युटरवर काम जपून ठेवायचं म्हणजे 'सेव्ह'चं बटण दाबायचं. त्या बटणावरचं छोटं चौकोनी चित्र फ्लॉपीचं आहे. आज तिची गोष्ट.

गेल्या वर्षी गटातल्या एका मावशींना जुनं कर्ज फेडल्याचा पुरावा हवा होता. त्या वर्षांची वही वाळवीनं खाल्लेली. मग पेटीच्या तळाशी सात फ्लॉप्या सापडल्या. २००२ ते २००४ चा हिशेब आम्ही तालुक्याच्या क्लासमध्ये टाइप करून घेतला होता, तो हाच.

पहिली फ्लॉपी आयबीएम कंपनीनं १९७१ मध्ये आणली. आठ इंचांची, ताटलीएवढी. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि ऐंशीच्या दशकात सोनीची साडेतीन इंची, कडक कवचातली. आमच्या पेटीतल्या याच. एकीत १.४४ एमबी मावतं. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही बहुतेक वेळा मावणार नाही. आत पातळ प्लास्टिकची चकती आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप, आपल्या जुन्या कॅसेटसारखाच. वाचताना यंत्राचं हेड चकतीला टेकतं. म्हणून धूळ, ओल आणि लोहचुंबक हे तिचे तीन वैरी.

तालुक्यातल्या दुकानदार दादांनी यूएसबीला जोडायचा जुना फ्लॉपी ड्राइव्ह शोधून काढला. पहिली फ्लॉपी घातली तर पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट करायची का? आमच्यातली एक 'हो' दाबणारच होती. दादा म्हणाले, "थांबा ताई, हो म्हटलं की पाटी कोरी."

मग त्यांनी रीत दाखवली. आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिडकी उघडी करायची, म्हणजे यंत्र तिच्यावर काही लिहू शकत नाही. पत्र्याची झडप सरकवून चकती बघायची. पांढरे डाग म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी घातली तर हेड मळतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही बिघडतात. उघडली की आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, वाचत बसायचं नाही. एका ड्राइव्हमध्ये उघडली नाही तर दुसऱ्यात घालून बघायची, कारण प्रत्येक ड्राइव्हचं हेड अगदी एकाच जागी बसलेलं नसतं.

पाच उघडल्या. सहावी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये उघडली. पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता गिचमिडा! तेव्हाचा मराठी फॉन्ट आता कॉम्प्युटरवर नव्हता. तो मिळवून टाकला तेव्हा नावं दिसली आणि मावशींचा शेवटचा हप्ताही. सातवीला बुरशी होती. त्या सहा महिन्यांचा हिशेब आता फक्त बायकांच्या आठवणीत आहे.

तोवर जग पुढे गेलं होतं. १९९८ मध्ये ॲपलचा आयमॅक फ्लॉपी ड्राइव्हशिवायच आला. २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह आले; चार जीबीच्या एकात अडीच हजारांहून जास्त फ्लॉप्या मावतात. २०११ मध्ये सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्री थांबवली. कागदपत्रं फ्लॉपीवर द्या असं सांगणारे सरकारी नियम मात्र जपानमध्ये २०२४ पर्यंत होते.

आमच्या सहा फ्लॉप्या वीस वर्षं टिकल्या. अडलं ते ड्राइव्ह आणि फॉन्टपाशी. पेन ड्राइव्हचंही उद्या तसंच होईल. म्हणून गटानं ठराव केला: हिशेब तीन ठिकाणी ठेवायचा, वहीत, कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर. दर ३१ मार्चला तिन्ही उघडून बघायचे. आणि नवं यंत्र आलं की जुनं मोडीत घालण्याआधी सगळं उतरवून घ्यायचं.

तुमच्या गटाची पेटी शेवटची कधी उघडली होती? या आठवड्यात एकदा बघाच.